चेटकिणीचं सूत

४ फेब्रुवारी

बबड्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर गाण्यांची एक तबकडी येऊन पडली. माझं काम तुला ठाऊक आहे, पण तू कायम आमच्या कारखान्याला 'थाळ्यांचा कारखाना' म्हणून हसायचास, तेव्हा पुन्हा सांगते. खाली काळे दाणे वितळवून, दोन साच्यांमध्ये दाबून तबकडी निघते. पहिल्या काही तबकड्या चाचणीच्या असतात. त्या माझ्या खोलीत येतात. भिंतींना गाद्या लावलेल्या, खिडकी नाही, एक खुर्ची, एक यंत्र, कानाला हेडफोन. मी त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते. कुठे टिक वाजली, कुठे खरखरलं, कुठे सुई घसरली, सगळं टिपून ठेवते. मी होकार दिल्याशिवाय खालचं यंत्र पुढे चालत नाही. गाणं आवडो न आवडो, कान बंद करायची सोय नाही. पगार त्याचाच आहे.

पाकिटावर चार माणसं. काळे झगे, डोक्यावर टोकदार टोप्या, तोंडं अंधारात. खाली नाव, 'सातवी कवटी'. तिसऱ्याचे कान टोपीतूनही बाहेर आलेले पाहिले आणि म्हटलं, हे कान आपल्या घरातले आहेत. मागे वाचलं, 'अंधारस्वामी : गायन, गिटार, ऑर्गन, आवाहन'. कुणाला आवाहन रे? बारा वर्षांचा होईपर्यंत तुला बाथरूमला जायचं तर पॅसेजमधला दिवा लावून मी दाराबाहेर उभी लागायची. वर 'ताई, आहेस ना?' असं आतून दर मिनिटाला विचारायचास. तो अंधाराचा स्वामी झाला.

हसले मी. तेवढंच हसले. पुढे हसण्यासारखं काही नव्हतं.

आधी खरखर. पहिल्या गाण्याच्या आधीच खरखर सुरू. मी इमानदारीत टिपत बसले, एकेक ठिकाण. कागद भरला तसा खाली फोन करून साच्यात घाण आहे म्हणून ओरडले. यंत्रावरचे काका वर आले, त्यांनी साचा धुतला होता, वैतागले होते. मग तुमची गाणी काढणाऱ्या कंपनीकडून कळलं की खरखर मुद्दाम घातली आहे. तबकडी पन्नास वर्षं जुनी वाटावी म्हणून. मी अख्खं आयुष्य ज्या खरखरीच्या मागे लागले, ती तू वरून मीठ भुरभुरल्यासारखी भुरभुरवलीस. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तेही गिळलं असतं. मग ब बाजू आली. शेवटचं गाणं, 'चेटकिणीचं सूत'.

आधी नुसता ढोल, मग तुझी गिटार, मधमाश्यांनी भरलेला डबा हलवल्यासारखी. मग सगळं थांबतं आणि खोल विहिरीतून यावा तसा एका बाईचा आवाज येतो. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोरा पुढे. पुन्हा. पुन्हा. मागून तुम्ही चौघे 'ये, ये, सूत कातणारे, ये' म्हणून घुमता.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पुन्हा घातले. सुई मागे नेली.

तो आवाज तू कितीही खाली ओढ, कितीही घुमव, मला आईचा आवाज कळणार नाही असं वाटलं तुला? आपण दोघांनी त्या आवाजाशेजारी पाढे पाठ केले. दुकानाच्या ऑर्डरचे स्वेटर विणता विणता ती टाके पुटपुटायची, आणि तू म्हणायचास, आई, माझा सातचा पाढा तुझ्या टाक्यांत अडकतो.

गेल्या वर्षी मी तुला लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी झटका आल्यावर आईची वाचा गेली. बोलायला शिकवायला बाई येतात. त्या म्हणाल्या, माणसाच्या तोंडात वर्षानुवर्षं घोळलेलं काही असेल, पाढे, गाणी, मोजणं, तर ते कधीकधी बाकीच्या शब्दांच्या आधी परत येतं. तिचा जुना आवाज कुठे मिळेल का? मी तुला विचारलं, लहानपणी तू टेपरेकॉर्डर घेऊन घरभर फिरायचास, तेव्हाची आईच्या विणकामाची टेप आहे का. तुझं उत्तर दोन शब्दांचं आलं. 'टेप हरवली.'

ती हरवलेली टेप आता माझ्या यंत्रावर गरगर फिरते आहे. ती टेप मला हवी आहे. झगा, कवटी, खरखर यातलं काही नको. नुसता आईचा आवाज, तिने म्हटला तसा.

ताई


११ फेब्रुवारी

बबड्या,

आठवडा झाला. तुझं उत्तर नाही. स्वामी ध्यानाला बसले असतील.

इकडे मी तुला रोज ऐकते आहे. चाचणीची एक तबकडी ऐकून भागत नाही, पहिली निघालेली, मधली, शेवटची, सगळ्या ऐकायच्या. तेव्हा या आठवड्यात तुझ्या चाहत्यांनी ऐकलं नसेल तितकं मी तुला ऐकलं आहे, आणि तेही दात ओठ खात. 'कावळ्यांचा दरबार' फार लांब आहे. ढोल वाजवणाऱ्याला कुणीतरी घरी पाठवा. 'राखेचं लग्न' या गाण्यात तू सहा वेळा 'रक्त' म्हणतोस, आणि गुडघा खरचटला तरी डोळे मिटून घ्यायचास ते मला आठवत राहतं.

तिसरं गाणं चांगलं आहे. ऑर्गन ज्या जागी येतो, ती जागा मी मागे नेऊन पुन्हा ऐकली, कामापेक्षा जास्त वेळा. हे मी रागातच सांगते आहे. वाईट माणसाला चांगलं वाजवता येतं याचा मला जास्त संताप येतो.

काका आता बोलायला लागले आहेत. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ब बाजू ऐकली. म्हणाले, "पोरी, बाकी काही कळलं नाही, पण शेवटी ते भूत ओरडतं ना, ते जबरदस्त. अंगावर काटा आला."

मी म्हटलं, "कुठलं भूत?"

"लहान मुलीचं. शेवटी नाही का, बंद कर म्हणून किंचाळतं?"

मी ते टिपलंच नव्हतं. आईच्या आवाजाने मला पुढचं काही ऐकूच दिलं नव्हतं. पुन्हा लावलं. सगळी वाद्यं विझतात, खरखर उरते, आणि लांबून एक मुलगी ओरडते, 'बंद कर ते आता! सांगते ना!' अभिनंदन. आई चेटकीण झाली, मी भूत झाले. घरात अजून कुणी उरलंय का, नाहीतर पुढच्या तबकडीत घालायला शेजारपाजार शोधावा लागेल.

आणि पाकिटावर आभार मानलेत ते वाचले. ढोलवाल्याच्या कुत्र्याचे आभार आहेत. मेणबत्त्या देणाऱ्या दुकानाचे आहेत. शेवटी 'आणि त्या आवाजाला'. त्या आवाजाला नाव आहे. आई म्हणतात त्याला. ते लिहायला शाई कमी पडली का?

तुला ती शेवटची दिसली ती हॉस्पिटलात. दोन दिवस आलास. खोलीच्या दारातच उभा राहिलास, दाराची कडी धरून. मला म्हणालास, मला तिला असं बघवत नाही. बघवत नाही म्हणणाऱ्यांचं बरं असतं. ते निघून जातात, आणि बघणारे बघत राहतात.

आता ती कशी आहे ते विचारलं नाहीस, तरी सांगते. उजवा हात मांडीवर पडलेला असतो. तोंडात एकच शब्द उरलाय, 'ते'. पाणी म्हणजे ते, खिडकी म्हणजे ते, मी म्हणजे ते. परवा तिला काहीतरी हवं होतं. मी चष्मा दिला, शाल दिली, उशी दिली, खिडकी उघडली, बंद केली. ती 'ते, ते' करत राहिली आणि शेवटी डाव्या हाताने पेला भिंतीवर फेकला. काच गोळा करताना मला रडू आलं नाही. मला तुझा राग आला. पेला तुझ्यामुळे फुटला नाही हे मला कळतं. तरी आला.

टेप पाठव.

ताई


१९ फेब्रुवारी

अंधारस्वामी महाराज,

आपलं पत्र पोचलं. एकच ओळ. 'तुझ्याकडे आई आहे, माझ्याकडे टेप आहे. वाटणी झाली.'

वाटणी. बरं. माझ्या वाट्याला काय आलं ते सांगते, मग तुला अदलाबदल करायची असेल तर कळव.

सकाळी तिला कुशीवर वळवायचं. पाठ बघायची, कुठे लाल झालं आहे का. चादर बदलायची, ती रोज बदलावीच लागते असं नाही, पण बहुतेक रोज. तोंड धुवायचं, केस विंचरायचे, आणि केस ओढले गेले की ती माझ्या हातावर चापटी मारते, ती खायची. मऊ भात चमच्याने, प्रत्येक घासानंतर घसा हलला का ते बघायचं. मग शेजारच्या बाई येतात आणि मी कामाला पळते. संध्याकाळी आले की ती दाराकडे बघत बसलेली असते. मला बघून 'ते' म्हणते. त्यात आनंद असतो की तक्रार, ते मला अजून ओळखता येत नाही. मला, जिला तबकडीतली केसाएवढी टिक ओळखता येते.

हे माझ्याकडे आहे. आणि तुझ्याकडे काय आहे? धडधाकट आई आहे. पटापट बोलणारी, हात चालणारी, पस्तिशीतली. ती तुला हवी तेव्हा सुरू होते आणि बटण दाबलं की गप्प बसते. तिला भरवावं लागत नाही. तू दोन आयांतली सोपी आई उचललीस आणि वर वाटणी झाली म्हणतोस.

मला हेही कळतं की तू ती टेप ऐकत बसत असशील. झगा काढून, एकटा. कळतं म्हणून राग कमी होत नाही.

आणखी एक. काल साहेबांना सहज विचारलं, की ही 'सातवी कवटी' आमच्याकडे कशी आली. ते म्हणाले, कंपनीला दुसरीकडे लवकर तारीख मिळत होती, पण वादकांपैकी कुणीतरी हटून बसला, की छापायचं तर इथेच. कोण हटून बसला ते त्यांना ठाऊक नाही. मला आहे.

म्हणजे मी ऐकावं असं तुला वाटत होतं. सरळ लिहिता येत नव्हतं का, ताई, टेप हरवलेली नाही, मी खोटं बोललो? त्यासाठी चार माणसं, ढोल, ऑर्गन, कावळे आणि अख्खा कारखाना लागला? घरातला दिवा लावायला तू गावाला आग लावतोस. लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हाही सांगितलं नाहीस, तुकडे माझ्या दप्तरात ठेवलेस, मला सापडावेत म्हणून.

काका विचारतात, ब बाजूचं काय करायचं. तबकडी स्वच्छ आहे. तुझी खोटी खरखर सोडली तर एक टिक नाही. मनात आलं, खोटी टिक लिहावी आणि साचा परत पाठवावा. पेन हातात घेतलं होतं. नाही लिहिली. तुझ्या पायी मी माझ्या कानांना खोटं पाडणार नाही.

मी ती तबकडी घरी नेते आहे. तसं करायची परवानगी नसते. काकांनी पाहिलं आणि पाठ फिरवली, आणि त्यांचं जुनं यंत्र पिशवीत घालून दिलं. तू टेप देत नाहीस ना, मग आईला मी तुझी चेटकीणच ऐकवणार. तिला काय वाटतं ते तीच ठरवील.

ताई


२६ फेब्रुवारी

बबड्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

रविवारी दुपारी आईला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. शिकवणाऱ्या बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ऐकवा, पण घाबरली तर लगेच बंद करा. पाकीट मी लपवून ठेवलं होतं, तेवढी अक्कल मला आहे.

आधी अ बाजूचं थोडं लावलं. 'कावळ्यांचा दरबार' सुरू झाला तशी तिने तोंड वाकडं केलं आणि मान भिंतीकडे वळवली. तू पहिल्यांदा गिटार आणलीस तेव्हा केलं होतं अगदी तसंच तोंड. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. झटका आला, वाचा गेली, पण आवडनिवड जिथल्या तिथे आहे.

मग शेवटचं गाणं. ढोल झाला, मधमाश्या झाल्या. आणि आवाज आला. दोन सुलट, दोन उलट.

तिने दाराकडे पाहिलं. कोण आलं, असं. मग माझ्याकडे. मग यंत्राकडे, आणि तिथेच नजर ठेवली. डाव्या हाताची बोटं गाऊनच्या कडेवर हलायला लागली. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोरा पुढे. तू तिथे तोडतोस आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोस. तिच्या भुवया जवळ आल्या. पुन्हा तेच, दोरा पुढे, आणि पुन्हा सुरुवात. तिने खुर्चीच्या हातावर थाप मारली. मला वाटलं घाबरली. बंद करायला उठले, तर तिने माझं मनगट धरलं. घट्ट. आणि तिसऱ्यांदा 'दोरा पुढे' आलं तसं तिने म्हटलं,

"दोन एकत्र."

बबड्या, शब्द जड होता, ओठ एका बाजूला ओढलेला होता, पण माझ्या कानांवर विश्वास ठेव, दुसरं काही नव्हतं. दोन एकत्र. दोन वर्षांत 'ते' सोडून पहिलं काही.

यात अर्थबिर्थ शोधू नकोस, नाहीतर त्याचंही गाणं करशील. ती टाक्यांबद्दल बोलत होती. तिच्या त्या जाळीच्या विणीत पाच पावलं होती. दोरा पुढे घेतला की सुईवर एक टाका वाढतो, म्हणून लगेच दोन टाके एकत्र विणून तो कमी करायचा. तुझ्या ढोलाला चारच पावलं हवी होती, म्हणून तू पाचवं कापलंस. टाके वाढतच जातात तुझ्या गाण्यात, कमी होतच नाहीत. त्या हिशेबाने स्वेटर विणला असता तर गाणं संपेपर्यंत तंबू झाला असता. तू झगा घालून चेटकिणीला बोलावलंस, पण तिला नीट विणूही दिलं नाहीस.

गाणं थांबेना. तुझी गिटार रडून झाली आणि आवाज परत आला, परत तसाच, पाचव्या पावलाशिवाय. प्रत्येक वेळी ती म्हणायची, दोन एकत्र. दोन एकत्र. गाणं काही ऐकेना. तिचा चेहरा लाल झाला. ती रागावली रे. दोन वर्षं ती चिडते, पण कशावर ते तिलाच सांगता येत नाही. रविवारी तिला ठाऊक होतं कशावर. शेवटी ते भूत ओरडलं, 'बंद कर ते आता!', तशी तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, म्हणजे बरोबर ओरडतेय पोरगी. आणि मग यंत्राकडे बोट करून म्हणाली,

"उसव."

तुला आठवतो ना तो शब्द? एक टाका चुकला की बोटभर विणलेलं असो की वीतभर, ती एवढंच म्हणायची, आणि स्वतःचं स्वतः उसवायला घ्यायची. गणित चुकलं, उसव. अंथरूण वाकडं घातलं, उसव. आपण 'पण...' म्हणायला तोंड उघडायचो आणि मिटायचो.

मी ब बाजू थांबवली आहे. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, तबकडीत दोष नाही, गाण्यात एक पाऊल कमी आहे, वादकाला विचारल्याशिवाय छापू नये. ते म्हणाले, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, आवाज जिचा आहे तिने. काका मागे उभे होते, ते एवढंच म्हणाले की यंत्र तसंही धुवायचं होतं.

तेव्हा आता ऐक. गाणं तुझं आहे, नाव तुझं आहे, झगाही तुझा. ते कर हवं तसं. पण तिचा आवाज वापरायचा असेल तर पाचही पावलं पाहिजेत, ढोलवाल्याला पाच मोजायला शिकव. आणि पाकिटावर आई असं लिही. नसेल जमत तर काढून टाक.

टेप पोस्टाने पाठवू नकोस. पोस्टात खरंच हरवेल, आणि या वेळी मी विश्वास ठेवणार नाही. घेऊन ये. दारात उभा राहू नकोस, आत ये, तिच्यासमोर बस आणि ती काय म्हणते ते ऐक. ती तुला रागावणार आहे. मी कितीही रागावले तरी ते तुला पुरलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. तिचं तिलाच करू दे.

माझा राग गेलेला नाही. त्याचं काय ते तू आल्यावर बघू.

झगा आणू नकोस. पॅसेजमधला दिवा मी चालू ठेवते आहे.

ताई